जपानची नव्हे, जावाची

प्रश्न: माझे आजेसासरे मराठा पलटणीत हवालदार होते. १९४६ साली ते घरी परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक तलवार होती. घरात सगळे तिला 'जपान्याची तलवार' म्हणतात आणि दरवर्षी खंडेनवमीला तिची पूजा होते. पात्यावर पांढरट डाग आहेत. काही ठिकाणी ते पाण्यावर तेलाचा तवंग पसरावा तसे दिसतात. सासूबाईंचं म्हणणं, यंदा पॉलिश करून चकचकीत करू. धाकटे दीर म्हणतात, जपानी असेल तर चांगली किंमत येईल. ही तलवार नक्की कुठली? आणि पॉलिश करावी का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, आधी पॉलिशचं सांगतो, कारण खंडेनवमी तोंडावर आली आहे. करू नका. बफिंगच्या चाकाला ते पातं लावू नका, पॉलिशपेपर लावू नका, चिंच-मीठसुद्धा लावू नका. तुम्ही ज्यांना डाग म्हणता तेच त्या तलवारीचं खरं धन आहे. ती नक्षी आहे. ती पात्यावर काढलेली नाही, पात्यातच घडवलेली आहे.

फोटोवरून शस्त्राचं निदान करायला मला आवडत नाही, म्हणून पत्र मिळाल्यावर मीच तुम्हाला तलवार घेऊन बोलावलं. त्या रविवारी तुम्ही दोघं ती लष्करी कांबळ्यात गुंडाळून घेऊन आलात आणि आपण दोन तास व्हरांड्यातल्या टेबलाशी बसलो. तेव्हा घेतलेली मापं इथं देतो, म्हणजे इतर वाचकांनाही घरचं पातं ताडून पाहता येईल. पातं ५७ सेंटिमीटर. रुंदी मुठीजवळ २८ मिलिमीटर, टोकाच्या थोडं अलीकडे ४१. पाठीची जाडी मुठीशी ७ मिलिमीटर, पुढे उतरत उतरत ३. धार एकाच बाजूला. पाठ जवळजवळ सरळ, आणि टोक तिरपं कापल्यासारखं. मूठ शिंगाची, तिला एक उभी चीर. म्यान नाही.

तलवार जपानी नाही, इंडोनेशियातल्या जावा बेटाची आहे. जपानी का नाही ते आधी सांगतो. तुमची मूठ चिरेमुळे सैल होती, म्हणून ती अलगद निघाली आणि आतलं शेपूट दिसलं. जपानी तलवारीचं शेपूट चपटं आणि लांब असतं. त्याला भोक असतं आणि त्या भोकातून बांबूची खुंटी घालून मूठ पक्की करतात. तुमच्या तलवारीचं शेपूट गोल, पेन्सिलीएवढं. जावात त्याला पेसी म्हणतात. ते मुठीच्या भोकात राळेनं बसवलेलं आहे. आपल्या तलवारीच्या मुठीतही राळच असते, त्यामुळे मिस्त्रीची ही रीत मला लगेच ओळखीची वाटली. शिवाय जपानी पात्याच्या धारेलगत पाणी दिल्याची, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक केल्याची, धुक्यासारखी पांढरी पट्टी दिसते. इथं ती नाही. इथं नक्षी पात्याच्या मधोमध आहे, आणि धारेच्या चार-पाच मिलिमीटर अलीकडे ती थांबून नुसतं काळसर पोलाद लागतं.

मग घरात 'जपान्याची' हे नाव कसं पडलं? आजेसासऱ्यांची चूक काढायचं कारण नाही. जावा बेट मार्च १९४२ पासून ऑगस्ट १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात होतं. जपान शरण आल्यावर त्यांच्या फौजेची शस्त्रं खाली ठेवून घ्यायला आणि कैद्यांना सोडवायला जे सैन्य तिथं उतरलं, त्यात आपली माणसं होती. २५ ऑक्टोबर १९४५ ला ४९वी हिंदी ब्रिगेड सुराबायाच्या बंदरात उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. १७ ऑगस्टलाच इंडोनेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं आणि डच राज्य परत येणार या धास्तीनं शहर पेटलेलं होतं. ३० ऑक्टोबरला या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी तिथंच मारले गेले. १० नोव्हेंबरपासून मोठी लढाई झाली, आणि इंडोनेशियात तो दिवस आजही वीरांचा दिवस म्हणून पाळतात. अशा गदारोळातून परत आलेल्या माणसाच्या तोंडी जपान आणि जावा ही दोन नावं एकच झाली, तर नवल नाही. त्यांचं डिस्चार्ज बुक ट्रंकेत असेल तर शोधून ठेवा. पलटण कोणती, परदेशात किती दिवस, हे त्यात लिहिलेलं असतं. तो कागद तलवारीइतकाच जपा. त्या लढाईत समोरची माणसं आपल्यासारखीच स्वातंत्र्य मागत होती. हेही घरातल्या मुलांना सांगा, तलवार हातात देण्याआधी सांगा.

आता नक्षीकडे येतो. ताई, इथं माझा हात जरा सैल सुटेल. उद्यमनगरात अडतीस वर्षं मी बिडाचं ओतकाम केलं, आणि धातूच्या पोटात काय चाललंय हे पृष्ठभागावरून ओळखायचं हा माझा जन्मभराचा नाद.

नक्षीचं पातं दिसलं की आपल्याकडे लगेच 'दमास्कस' म्हणतात, नाहीतर 'जौहरदार' म्हणतात. दोन्ही शब्दांनी इथं घोटाळा होतो. आपल्या जुन्या जौहरदार पात्यांचं पोलाद मुशीत वितळवून केलेलं असे. दक्षिणेत, आजच्या तेलंगणात आणि तमिळनाडूत, ते शतकानुशतकं होत होतं. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. मूस हळूहळू निवते तेव्हा पोलाद स्वतःच आतल्या आत कण जुळवतं, आणि लोहार बेतानं तापवून ठोकत गेला की त्या कणांच्या ओळी वाहत्या पाण्यासारख्या दिसतात. तिथं थर नसतात. सगळा एकच गोळा.

जावाच्या पात्यात थर असतात. साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड एकावर एक ठेवून, तापवून, ठोकून एकजीव करतात, दुमडतात, पुन्हा ठोकतात. मग अशा थरांच्या दोन पट्ट्यांमध्ये पोलादाची एक पट्टी घालतात. ती धारेची. दिवाळीत चिरोटे करताना पोळीला साटा लावून आपण गुंडाळी करतो आणि कापतो, तेव्हा पदर कसे दिसतात ते आठवा. गुंडाळीचा काप आडवा ठेवून लाटला तर वर गोल गोल पदर. उभा धरून लाटला तर समांतर रेघा. जावाचा लोहारही हेच ठरवतो. थर पात्याच्या पृष्ठभागाला समांतर ठेवले तर त्या रीतीला म्लुमाह म्हणतात. नक्षी पसरट, डबक्यासारखी येते. थर उभे करून घातले तर मिरिंग. रेघा बारीक आणि नेमक्या येतात, अवघड काम. या सगळ्या नक्षीला एकच शब्द आहे, पामोर.

तुमच्या पात्याची पाठ मी टॉर्चखाली तिरपी धरून भिंगातून पाहिली. वहीच्या पानांच्या कडा दिसाव्यात तशा रेघा पाठीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या आहेत, आणि मधोमध एक गडद रेघ आहे. ती पोलादाची पट्टी. माझ्यासाठी तिथंच निकाल लागला. बाजारात दिसणाऱ्या बऱ्याच शोभेच्या तलवारींवर आम्लानं वरवर नक्षी उठवलेली असते. ती पाठीवर येत नाही, आली तरी बाजूच्या नक्षीशी जुळत नाही. खऱ्या पात्यात बाजूचा थर वळून पाठीवर सापडलाच पाहिजे. नक्षीचं पातं हातात आलं की आधी पाठ बघा.

नक्षीचं नाव बेरास वुताह. अर्थ, सांडलेले तांदूळ. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात आणि 'म्हणजे माप ओलांडल्यासारखं' असं म्हणालात. मी वीस वर्षं हे नाव वाचतोय, पण मला ते सुचलं नव्हतं. नवी नवरी उंबऱ्यावरचं माप पायानं लवंडते आणि तांदूळ घरात पसरतात, अगदी तसंच हे दिसतं. आणि अर्थही तोच धरतात, घरात भरपूर यावं. म्लुमाह रीतीतली ही नक्षी सगळ्यात जास्त आढळते, म्हणून तिला कुणी हलकी समजू नये. माझ्या मते चांगल्या हाताची बेरास वुताह ही ओळीनं मोजून उठवलेल्या नक्षीपेक्षा जिवंत दिसते. कलिंगडाच्या सालीसारखी, नारळाच्या झावळीसारखी, सोन्याच्या पावसासारखी, अशा नावांच्याही नक्ष्या आहेत. नावं सगळी घर-शिवारातली.

निकेल पांढरं का दिसतं, हे विचारलं होतंत. आम्लानं साधं लोखंड काळवंडतं, निकेल असलेलं तग धरून चमकतं. जावात त्यासाठी लिंबाच्या रसात आर्सेनिकचं खनिज खलून पात्याला लावतात, त्याला वारांगान म्हणतात. आपल्याकडे पोथीतली चूक झाकायला हरताळ फासत, तो हरताळ आणि त्याचा भाऊबंद मनशीळ, त्याच जातीचं हे. जहाल विष आहे. घरी याचा विचारसुद्धा करू नका.

तुमच्या यजमानांनी विचारलं, ही उल्केची असेल का? मध्य जावात प्रांबानानजवळ उल्का पडली होती. तिचा मोठा तुकडा अठराव्या शतकाच्या अखेरीस सुराकार्ताच्या राजवाड्यात नेला आणि राजघराण्याच्या लोहारांनी तो वापरला, हे खरं आहे. आपल्याकडेही १६२१ मध्ये जालंधरजवळ पडलेल्या उल्केपासून जहांगीर बादशहानं तलवारी करवल्या. नुसतं ते लोखंड घणाखाली टिकेना, म्हणून तीन भाग आकाशीचं आणि एक भाग साधं मिसळावं लागलं, असं त्याच्या आठवणींत आहे. पण अशी पाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जुन्या काळी निकेलाचं लोखंड सुलावेसी बेटावरच्या लुवू भागातून व्यापारानं येई, नंतर युरोपचं निकेल आलं. सांडलेल्या तांदळाला आकाशातून पाडायची गरज नाही.

आता वर्गवारी. जावाचे जाणकार पातं तीन प्रश्नांनी ओळखतात. घाट कोणता, म्हणजे धापुर. नक्षी कोणती, म्हणजे पामोर. आणि कुठल्या काळच्या, कुठल्या राज्याच्या हाताचं वाटतं, म्हणजे तांगुह. तांगुह या शब्दाचा अर्थच अंदाज, आणि हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. तलवारीला तिथं पेदांग म्हणतात. जुन्या जावी भाषेत खड्ग हा आपला शब्दही होता. क्रिस ही जावाची कट्यार, ते वेगळं शस्त्र. त्याच्या बुडाशी गोंजो नावाचा आडवा तुकडा असतो, एक बाजू लांब आणि एक आखूड. तुमच्या पात्याला तो नाही, म्हणून पेदांग.

पेदांगांत पुन्हा घाट आहेत. सुदुक मारू सरळ असतं आणि टोकाकडे त्याच्या पाठीलाही धार असते. सुदुक म्हणजे भोसकणं आणि मारू म्हणजे सवत. नावावरूनच त्या पात्याचा स्वभाव कळावा. तुमच्या पात्याची पाठ मी बोट फिरवून पाहिली, टोकापर्यंत बोथट आहे. आणि पातं टोकाकडे रुंदावतं. म्हणून हा घाट लुवुक. वजन पुढे असल्यानं वार खाली येताना आपसूक जोर धरतो. आपली धोप हातात घेतलेल्या माणसाला हा तोल लगेच जाणवेल, कारण धोप लांब आणि सरळ, तिचा तोल वेगळा. काळाचं विचाराल तर मी एकोणिसावं शतक म्हणतो. गंज वरवरचा आणि सारखा आहे, थर कुठं फुटून सुटलेले नाहीत, धारेचं पोलाद दगडावर फार झिजलेलं नाही. मूठ त्याच काळातली किंवा थोडी नंतरची.

पॉलिशबद्दल इतकं तळमळून का लिहितो, तेही सांगतो. माझ्या मामांकडे जावाचं एक छोटं पातं होतं, बारीक रेघांचं, मिरिंग. मामा गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मी तेव्हा तिशीत होतो. गंज काढून द्या म्हणून एका बफिंगवाल्याकडे दिलं आणि कामावर गेलो. संध्याकाळी आणायला गेलो तर त्यानं आरसा करून ठेवला होता. तोंड दिसत होतं त्यात. रेघा गेल्या होत्या, आणि चाकावर पातं इतकं तापलं होतं की धार निळी पडली होती. निळी पडली म्हणजे पाणी उतरलं. नक्षी आत होती, ती पुन्हा थोडी उठवता आली. पाणी परत आलं नाही. मामांनी ते पातं पन्नास वर्षं तेलाच्या फडक्यात ठेवलं होतं.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. कोरड्या सुती फडक्यानं पुसा. शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, जास्तीचं पुसून घ्या. लाल गंजाचे जे तीन ठिपके टोकाजवळ आहेत, तिथं तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि बांबूच्या काडीनं हलके खरवडा. पूजेत ओलं हळदकुंकू पात्याला लावू नका. मुठीच्या बुडाशी पानाच्या छोट्या तुकड्यावर लावा. फुलं शेजारी ठेवा, पात्यावर नको. सासूबाईंना सांगा की जावातही अशीच पूजा असते. सुरो महिना लागला की घराण्याची शस्त्रं धुऊन, तेल लावून, धूप दाखवतात, त्याला जामासान म्हणतात. तो त्यांच्या वर्षाचा पहिला महिना. सुलतान आगुंगनं १६३३ मध्ये कालगणना चांद्र केली, पण वर्षांचा आकडा आपल्या शकाचाच, १५५५ पासून पुढे तसाच चालू ठेवला. सासूबाई पंचांग बघतात, त्यांना हे पटेल.

विकायचं धाकट्या दिरांच्या मनातून काढा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, परदेशी पाठवता येत नाही. घरात ठेवण्याबद्दल शस्त्र कायद्याचं काय, ते आपल्या पोलीस ठाण्यात लेखी विचारून घ्या. जुनी आहे म्हणून चालतं, असं धरून बसू नका.

आणि एक जाड कागदाची चिठ्ठी करून मुठीला दोऱ्यानं बांधा. मजकूर असा: 'पेदांग, घाट लुवुक, पामोर बेरास वुताह. जावा, अंदाजे एकोणिसावं शतक. १९४६ मध्ये मराठा पलटणीतून घरी आली.' खाली आजेसासऱ्यांचं नाव. 'जपान्याची' हा शब्दही कंसात लिहा. घरानं तिला तीन पिढ्या त्याच नावानं हाक मारली आहे.

प्रश्न: मी लोहारकाम करतो. पट्टी करवतीचे तुकडे आणि निकेलचा पत्रा एकावर एक ठेवून जावासारखी नक्षी करून बघतोय. दुसऱ्या ठोक्याला थर सुटतात. कुठं चुकतंय?
— एक वाचक, कागल

उत्तर: भावा, तुझी चिठ्ठी वाचून मला फार आनंद झाला. जावात सुकुह म्हणून पंधराव्या शतकातलं देऊळ आहे. तिथल्या शिल्पात भीम पातं घडवतोय, अर्जुन दोन उभ्या नळ्यांचा भाता मारतोय आणि मध्ये गणपती नाचतोय. लोहारसाळेत गणपती. तुझ्या भट्टीवर लावावं असं चित्र आहे.

तू पहिला ठोका जोरात मारतोयस, असं मला वाटतं. आधी सगळे पृष्ठभाग ग्राइंडरनं पांढरे कर, बोटाचं तेलसुद्धा राहू देऊ नको. चारी कोपरे वेल्डिंगनं टाचून घे. मंद लाल झाल्यावर टाकणखार टाक आणि तो वितळून कडांत शिरू दे. मग भट्टीत कोक जाड ठेव, वारा कमी ठेव, म्हणजे तुकड्याला थेट हवा लागून पापुद्रा धरणार नाही. लख्ख पिवळा रंग आला की लगेच बाहेर काढू नको. बाहेर पिवळा आणि आत लाल असेल तर मधले थर चिकटत नाहीत. थोडा वेळ तसाच मुरू दे. पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या तर मात्र पोलाद जळायला लागलं, करवतीत कार्बन जास्त असतो. पहिले ठोके हलके, मधून कडेकडे, टाकणखार बाहेर पिळून काढण्यापुरते. जोर दुसऱ्या तापाला.

सुटलेला तुकडा टाकू नको. आडवा कापून, छेद घासून घेऊन ये. आम्लात बुडवून बघू, कुठला थर धरला आणि कुठला नाही ते दिसेल.